मुंबई ते टोकियो किती तास? सांगलीहून निघणाऱ्यांनी हिशेब कसा मांडावा

पलूसच्या एका मित्राचा प्रश्न आहे. बहीण टोकियोत नोकरीला आहे आणि आई-वडील जानेवारीत पहिल्यांदाच तिच्याकडे निघालेत. वडील 68 वर्षांचे, आई 63. मित्र लिहितात, "एका ठिकाणी अंतर 4,200 दाखवतंय, दुसरीकडे 6,780. विमानाला कुणी आठ तास म्हणतं, कुणी पावणेदहा. तिकिटावरच्या वेळा धरून वजाबाकी केली तर बारा तास येतात. यातलं खरं काय? आणि आई-वडिलांना झेपेल का?"

मी बावीस वर्षं सांगलीत विश्रामबागेत तिकिटांचं काम करतो. हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. शहर बदलतं, कधी सिंगापूर असतं, कधी बँकॉक, पण घोळ तोच असतो. तुम्ही दिलेले सगळे आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या वाक्यात आहे, त्याचं उत्तर यातल्या एकाही आकड्यात नाही.

आधी अंतर. मुंबईच्या सहार विमानतळापासून टोकियोच्या नारिता विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे 6,780 किलोमीटर. तेच मैलांत मांडलं की 4,200 होतं. वैमानिक सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, त्यामुळे त्यांच्या कागदावर हाच आकडा 3,660 च्या आसपास दिसेल. त्यामुळे आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करायची नाही.

पण हे 6,780 मोजलेत कसे? घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं टोकियोवर, आणि ताणा. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ ढाक्याच्या जवळून जाते. गोलावरचा ताणलेला दोरा मात्र वर सरकतो आणि भूतानवरून, तिबेटच्या पूर्व कडेने चीनच्या सिचुआन प्रांतात जातो. गोल वस्तूवरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. वेबसाइटी देतात ते अंतर या दोऱ्याचं.

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. आडवा येतो हिमालय, आणि त्याच्यामागे तिबेटचं पठार, सरासरी उंची साडेचार हजार मीटर. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जातं, मग अडचण काय, असं वाटेल. अडचण नेहमीच्या उड्डाणात नाहीच. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झटपट सुमारे तीन हजार मीटरपर्यंत, म्हणजे दहा हजार फुटांवर, खाली आणावं लागतं. तिथे माणसाला मास्कशिवाय श्वास घेता येतो. डोक्यावरून लोंबतात ते मास्क बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपासच पुरतात. खाली जमीनच साडेचार हजार मीटरवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून बहुतेक विमानं डोंगर डावीकडे ठेवून दक्षिणेकडून वळसा घेतात. बंगाल, म्यानमार, मग दक्षिण चीन, किंवा त्याहून खालून. त्यात हवाई हद्दींच्या परवानग्या आणि त्या दिवशीचं हवामान धरून, प्रत्यक्षात साधारण सात हजार किलोमीटरच्या वर उड्डाण होतं. हिशेबाला आपण 7,200 धरू.

आता वेळ. इथे थोडा जास्त थांबतो, कारण जाताना आठ आणि येताना पावणेदहा हे ऐकून लोकांना वाटतं की छापण्यात चूक झाली.

सांगलीकराला हे समजावणं सोपं आहे. पावसाळ्यात कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती बघितल्या असतीलच. होडी तीच, वल्ही मारणारी पोरं तीच. आयर्विन पुलाकडून हरिपूरच्या दिशेने सोडली तर प्रवाह पाठीला असतो, होडी नुसती सुटते. तीच होडी उलटी आणायची म्हटली की दंड भरून येतात. काठावर उभ्या माणसाला अंतर सारखंच दिसतं. होडीला मात्र पाणी कापायचं असतं, काठ नाही.

विमानाचंही तसंच आहे. ते जमिनीवरून नाही, हवेतून चालतं, आणि हवा स्वतः वाहत असते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत हा पट्टा उत्तर भारत, दक्षिण चीन करत जपानवर पोचतो. तिथे उत्तरेकडून येणारा दुसरा पट्टा त्याला मिळतो. दोन नद्यांचा संगम झाल्यावर पाण्याला ओढ येते तसं. जानेवारीत जपानच्या डोक्यावर ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरचे वारे ही नेहमीची गोष्ट आहे.

जाता जाता एक गंमत. हे वारे शास्त्रशुद्ध मोजणाऱ्या पहिल्या माणसांत एक जपानीच होते, वासाबुरो ओइशी. टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून 1920 च्या दशकात ते फुगे सोडायचे आणि ते कुठे वाहत जातात याची नोंद ठेवायचे. 1926 मध्ये त्यांनी अहवाल छापला, पण छापला एस्परांतो या कृत्रिम भाषेत, म्हणजे सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. झालं उलटंच, जवळपास कुणीच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर पोचली आणि समोरच्या वाऱ्यात जागच्या जागी रेंगाळल्यासारखी झाली, तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं.

आता आकडे घालू. विमानाचा स्वतःचा वेग ताशी 900 किलोमीटर धरा. वारा सगळ्या वाटेवर सारखा नसतो, म्हणून सरासरी 100 धरू. जाताना पाठीवरचा वारा, म्हणजे वेग 1,000. 7,200 किलोमीटरला 7 तास 12 मिनिटं. येताना समोरून, म्हणजे वेग 800. त्याच अंतराला बरोबर 9 तास. वारा नसता तर दोन्हीकडे 8 तास लागले असते. म्हणजे जाताना 48 मिनिटं वाचली आणि येताना 60 गेली. वाऱ्याचा हिशेब कधी बरोबरीत सुटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. यात गेटवरून निघून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत येणं याची अर्धा-पाऊण तासाची भर घाला. झाले जाताना आठ, येताना पावणेदहा. तिकिटावर छापतात ती वेळ गेट ते गेट असते, चाकं जमीन सोडतात तेव्हापासूनची नसते.

उन्हाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि ढिला पडतो, त्यामुळे जुलैत जाण्या-येण्यातला फरक कमी दिसेल. विमान कंपन्यांचं वेळापत्रकही मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. जुन्या तिकिटावरची वेळ बघून "गेल्या वर्षी तर एवढंच लागलं होतं" असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि सिंगापूरला गेलेल्या मेहुण्याचा अनुभवही इथे लावू नका. मुंबई-सिंगापूर सुमारे 3,900 किलोमीटर, साडेपाच तासांच्या आसपास. ते शहर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे, या पट्ट्यापासून लांब, म्हणून तिथे जाणं-येणं जवळपास सारखंच पडतं.

तुमचे ते बारा तास राहिले. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोचण्याची टोकियोच्या. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. समजा विमान मुंबईहून रात्री 8 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला पोचतं. दिसायला बारा तास, त्यातून साडेतीन काढा, राहिले साडेआठ. परतीला टोकियोहून सकाळी 11:15 ला सुटून मुंबईत संध्याकाळी 5:30 ला. दिसायला फक्त सव्वासहा तास, त्यात साडेतीन मिळवा, पावणेदहा. पूर्वेकडे जाताना वजा, परतताना बेरीज.

घड्याळाचा विषय निघाला तर माझी एक चूक सांगतो, लपवण्यासारखी नाही आता. धंद्यात नवीन होतो. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदार जोडप्याचं तिकीट काढलं होतं, 15 तारखेला रात्री 12:40 चं विमान. तिकीट छापून हातात दिलं, नीट वाचा म्हणालो. 15 तारखेला दुपारी चारच्या सुमारास दोघं ऑफिसात आले. काकूंच्या हातात पेढ्यांचा पुडा, काका नव्या सफारीत. "आज रात्रीचं विमान, म्हटलं तुम्हाला भेटून जावं." माझे हातपाय गार पडले. विमान आदल्या मध्यरात्रीच, म्हणजे 14 चा दिवस संपून चाळीस मिनिटं झाल्यावर, निघून गेलं होतं. दुसऱ्या तिकिटाचे निम्मे पैसे मी घातले. पेढे मात्र त्यांनी परत नेले नाहीत, टेबलावर तसेच ठेवून गेले. त्या दिवसापासून मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर मी तिकिटाला हाताने लिहिलेली चिठ्ठी टाचतो: "14 तारखेला, गुरुवारी, सकाळी जेवण करून घरातून निघायचं." विमानाची वेळ त्या चिठ्ठीवर नसतेच, घरातून निघायची असते.

आणि इथेच तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. आई-वडिलांना आठ तास बसायचं नाहीये. त्यांना पलूसच्या उंबऱ्यापासून लेकीच्या दारापर्यंत जायचंय. तो हिशेब मांडू. पलूसहून ताकारी-पेठ नाका करत हायवेला लागायचं, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळा, मुंबई. गाडीने, एक जेवण आणि दोन चहा धरून, आठ तास. कुठेतरी ट्रक आडवा होतोच, त्याचा एक तास. विमानतळावर तीन तास आधी. विमान साडेआठ. नारिताला इमिग्रेशन, सामान, कस्टम्सचा एक तास. नारिता टोकियोच्या मध्यापासून सुमारे 60 किलोमीटर लांब आहे, तिथून घरापर्यंत दीड तास धरा. बेरीज तेवीस तास. विमान त्यातलं एक तृतीयांशाहून जरासंच जास्त. लोक विमानातला अर्धा तास वाचवायला दहा-दहा हजार जास्त मोजतात आणि पुण्यातल्या ट्रॅफिकचा विचार करत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की साठीच्या पुढच्या माणसांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. मिरजेहून किंवा सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर सकाळी मुंबईत. नातेवाइकांकडे अंघोळ, जेवण, दुपारची झोप, आणि मग ताजेतवाने विमानतळावर. कोल्हापूरहून विमानाने मुंबईला जायची कल्पना चांगली आहे, पण त्याच दिवशी आणि वेगळ्या तिकिटावर नको. पहिलं विमान धुक्याने किंवा पावसाने रद्द झालं तर पुढच्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं, तुमचं तिकीट सरळ बुडतं. आणि मुंबईत आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचं 25 डिसेंबर 2025 ला प्रवाशांसाठी सुरू झालं. आपल्याकडून जाणाऱ्याला ते अलीकडे पडतं, पण तिकिटावर सहार असेल तर अलीकडचं काय कामाचं? तिकिटावरचा कोड बघा, बीओएम म्हणजे जुनं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. टोकियोतही तेच. हानेदा शहराच्या मध्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, नारिता साठ. बहीण कुठे राहते ते बघून ठरवा. हानेदाचं तिकीट थोडं महाग असलं तरी वयस्कर माणसांसाठी मी तेच घेईन.

थेट विमान की बदलून, हे बरंच परिस्थितीवर आहे. मुंबई-टोकियो थेट विमान तुमच्या तारखेला मिळालं आणि खिशाला परवडलं तर पुढचे दोन परिच्छेद वाचूच नका. फक्त "डायरेक्ट" या शब्दावर जाऊ नका. विमान कंपन्यांच्या भाषेत डायरेक्ट म्हणजे नंबर तोच राहतो, मध्ये थांबा असू शकतो. कुठेही न थांबणाऱ्याला ते नॉनस्टॉप म्हणतात.

बदलून जायचं असेल तर दिशा बघा. दिल्लीमार्गे गेलात तर मुंबई-दिल्ली सुमारे 1,140 आणि दिल्ली-टोकियो सुमारे 5,900, एकूण 7,000 च्या जरा पुढे. म्हणजे वाट जवळपास वाकडी होतच नाही. बँकॉकमार्गे 3,000 आणि 4,650 मिळून साडेसात हजारांच्या वर, तेही ठीक. सिंगापूरमार्गे नऊ हजारांच्या वर जातं. आणि दुबईमार्गे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून कुणी हुरळून आलं की मी फक्त नकाशा पुढे करतो. पूर्वेला जायचं आणि आधी 1,900 किलोमीटर पश्चिमेला, हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. तरुण पोरांनी पैशासाठी करावा, 68 वर्षांच्या माणसाला कशाला?

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, जानेवारी. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं पडतं आणि विमानं तासन् तास खोळंबतात. दिल्लीमार्गे जाणार असाल तर मध्ये किमान चार तास ठेवा, आणि मुंबईहून दिल्लीला दुपारी पोचणारं विमान बघा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. मग पहिलं उशिरा झालं तरी पुढची सोय करणं कंपनीवर येतं, आणि बॅगाही बहुतेकदा थेट टोकियोपर्यंत जातात. बँकॉकला मात्र दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं, असं तिकीट स्वस्तात दाखवतात. पहिल्यांदा निघालेल्या माणसाला ते अजिबात देऊ नका.

झेपेल का, तर झेपेल. पलूसहून कुंडलला एसटीने जाणारी माणसं आहेत, ती काही लेचीपेची नसतात. पण तीन गोष्टी करा. बुकिंग करतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागा. वडील नाक मुरडतील, "मी काय लंगडा आहे का?" म्हणतील. त्यांना सांगा की खुर्ची पायासाठी नाही, वाटेसाठी आहे. ढकलणारा माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेरच्या दारापर्यंत सोबत असतो, भाषेची अडचण येत नाही. दुसरं, साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर साडेतीन तासांचा फरक डॉक्टरांना आधी सांगा आणि वेळा लिहून घ्या. गोळ्या भडंगाच्या डब्याबरोबर मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट. तिसरं, बहिणीला त्या दिवशी रजा घ्यायला सांगा. टोकियोत सकाळचे सात वाजतात तेव्हा आई-वडिलांच्या शरीरात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. रात्रभर बसून आलेल्या माणसाला लगेच देवळं-बागा दाखवायला निघू नये. पहिल्या दिवशी वरणभात आणि झोप.

परतीचं तिकीट मात्र शक्यतो दिवसाचं घ्या. वारा समोरून असतो, प्रवास लांबतो, आणि जाताना असते ती उत्सुकता येताना नसते. टोकियोहून सकाळी निघालं की मुंबईत संध्याकाळ. त्याच रात्री गाडी करून पलूसला पळवू नका, रात्री बोरघाट आणि खंबाटकी ओलांडत जाण्याइतकी घाई कुणाला नसते.

राहिली सीट. टोकियोला उतरताना फुजी पर्वत बहुतेकदा डाव्या हाताला दिसतो, 3,776 मीटरचा, जानेवारीत बर्फाने पांढरा, आणि थंडीतल्या सकाळी हवा स्वच्छ असते. म्हणून डावीकडची खिडकी मिळाली तर बघा. पण वडिलांना रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर त्यांना कडेची, आइलची सीट द्या आणि खिडकी आईंना.